दर मार्चला गॅस भरावा लागतो, म्हणजे कुठंतरी गळतंय

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात कळंब्याजवळ राहणाऱ्या एका ताईंकडं २००८ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, ९४ हजार किलोमीटर चाललेली. रोज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जाणं-येणं, आणि महिन्यातून दोनदा वडिलांना तपासणीसाठी मिरजेला नेणं. गेली तीन वर्षं दर मार्चमध्ये एसीचा गॅस भरून घेतला. पहिल्या वर्षी तो अख्खा उन्हाळा पुरला, दुसऱ्या वर्षी दोन महिने, यंदा वीस दिवस. आता बटण दाबलं तरी कॉम्प्रेसर चालूच होत नाही. गॅरेजवाल्यानं सांगितलं, "कॉम्प्रेसर गेला, पूर्ण सेट बदलावा लागणार," आणि खर्च सांगितला २८ हजार. गाडीचे बाजारात लाखभरसुद्धा येणार नाहीत. तर हा खर्च करावा, की गाडी काढून टाकावी?

ताई, मी २७ वर्षं उद्यमनगरात गाड्यांच्या एसीचंच काम करतोय. गाडी समोर नसताना शंभर टक्के सांगता येत नाही, पण तुमच्या प्रश्नातच बरंचसं उत्तर आहे. अख्खा उन्हाळा, मग दोन महिने, मग वीस दिवस. कॉम्प्रेसर जातो तेव्हा असा हिशेब दिसत नाही. एखादं भोक वर्षागणिक मोठं होत गेलं की असा दिसतो.

कॉम्प्रेसर चालू होत नाही, यावरूनही तो मेला असं ठरत नाही. गॅसच्या लाइनवर एक प्रेशर स्विच असतो. आतला गॅस ठरावीक दाबाच्या खाली गेला की तो स्विच कॉम्प्रेसरच्या क्लचचा, म्हणजे कॉम्प्रेसरला इंजिनाच्या फिरण्याशी जोडणाऱ्या भागाचा, करंट तोडतो. कारण कॉम्प्रेसरला तेल पोचवण्याचं काम गॅसच करतो. गॅस नाही म्हणजे तेल फिरत नाही, आणि तेलाविना कॉम्प्रेसर फिरला तर काही वेळातच आतून घासून जातो. म्हणजे तुमच्या गाडीतला स्विच बहुतेक आपलं काम चोख करतोय, कॉम्प्रेसरला वाचवतोय. त्या स्विचच्या दोन वायरी जोडून कुणी कॉम्प्रेसर "चालू करून दाखवला", तर त्याला तिथंच थांबवा.

मूळ गोष्ट ही की एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पातळ, म्हणजे द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना एकदम गार पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. घरातल्या फ्रिजमध्ये दरवर्षी कोण गॅस भरतं? गाडीत रबरी होज असतात, इंजिनाची थरथर असते, कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं, त्यामुळं थोडाफार गॅस वर्षागणिक कमी होतो हे खरं. पण धडधाकट सिस्टिम चार-पाच वर्षं गॅसला हात न लावता सहज चालते. दर मार्चला गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा मारणं. त्यात गॅसबरोबर दरवेळी थोडं तेलही बाहेर जातं आणि ते कुणी परत घालत नाही. तीन वर्षं असंच चाललं असेल तर तुमच्या कॉम्प्रेसरची काळजी मला त्या तेलापायी जास्त वाटते.

आता पहिली तपासणी, जी पाच मिनिटांत होते. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा. सकाळी इंजिन चालू न करता गेज लावायचा आणि हवेचं तापमान बघायचं. तुमच्या गाडीत आर १३४ ए हा गॅस आहे. सिस्टिममध्ये थोडा तरी पातळ गॅस शिल्लक असेल, तर बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो: २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४. काटा याच्या बराच खाली असेल तर गॅस जवळजवळ संपलाय. बराच वर असेल तर आत हवा शिरलीय किंवा भलताच गॅस मिसळलाय. ही दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. स्वस्तातला गॅस म्हणून कुठं कुठं एलपीजीच्या जातीचे ज्वालाग्राही गॅस भरले जातात. कूलिंग कॉइल गळत असेल तर तो गॅस थेट तुमच्या बसायच्या जागेत येणार. तीन वर्षांत कुठल्या डब्यातला गॅस भरला हे तुम्हाला माहीत नसेल, तर हा आकडा नक्की बघा. मात्र काटा बरोबर दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असं होत नाही. अर्धा असला तरी तेवढाच दाब दिसतो.

तुमचा काटा शून्याजवळ असणार असा माझा अंदाज आहे. मग पुढचं काम गळती शोधण्याचं, आणि खरं कसब तिथंच लागतं.

आधी डोळ्यांनी. गॅस जिथून गळतो तिथून तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. पाइपचे जोड, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, कंडेन्सरचे खालचे कोपरे, गॅस भरायच्या दोन पिना, या ठिकाणी काळपट ओलसर डाग दिसला तर तिथं संशय घ्यायचा. भरायच्या पिनांवरची प्लॅस्टिकची टोपणं बऱ्याच गाड्यांत हरवलेली असतात. मोटारीच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखीच ती पिन असते. काही रुपयांच्या पिनेतून गॅस जातोय आणि मालक कॉम्प्रेसरच्या किमती विचारत फिरतोय, असं मी अनेकदा बघितलंय.

डोळ्यांना दिसलं नाही तर नायट्रोजन. आत कोरडा नायट्रोजन दीडशे पीएसआयपर्यंत भरायचा, जोडांवर साबणाचा फेस लावायचा आणि काटा अर्धा तास तरी बघत बसायचं. साधी कॉम्प्रेसरची हवा भरू नये, तिच्याबरोबर पाणी आत जातं. आणि ऑक्सिजन तर कधीच नाही. वेल्डिंगची नळकांडी शेजारीच असतात म्हणून हात तिकडं जातो, पण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. नुसतं व्हॅक्यूम मारून, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून, "होल्डिंग बरोबर आहे" म्हणणंही पुरत नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरच्या हवेचा दाब पडतो चौदाएक पीएसआय, आणि तोही आतल्या बाजूला, जोडातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, उलट घट्ट बसते. चालू एसीत हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूला, दोनशेच्या आसपास दाब असतो. जी गळती दोनशेला होते ती चौदाला कशी दिसेल?

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय मात्र कूलिंग कॉइलवर आहे, कारण ती बाहेरून दिसतच नाही आणि म्हणून तीन वर्षं कुणी बघितली नाही. गेल्या मे महिन्यात गडहिंग्लजच्या एका गुरुजींची गाडी आली होती, तुमच्या गाडीच्याच वयाची, आणि तक्रारही हीच. बॉनेटखाली सगळं कोरडं. ग्लोव्ह बॉक्स काढला, मागचं कव्हर सोडलं आणि कॉइल ओढून बाहेर घेतली. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत केबिन फिल्टरच नसायचा, त्यामुळं बाहेरची हवा जे आणेल ते थेट कॉइलवर. पत्र्यांवर कडुलिंबाच्या काड्या, पानांचा चुरा आणि मांजराचे केस यांचा कुजून एक थर झाला होता, चहाच्या चोथ्यासारखा, हाताला ओला लागणारा. तो धुऊन काढल्यावर खालच्या एका कोपऱ्यात ॲल्युमिनियम काळं पडलेलं दिसलं. तोंडं बंद करून नायट्रोजन भरला आणि पाण्याच्या टबात बुडवली. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. मग त्या काळ्या कोपऱ्यातून मोहरीएवढा एक बुडबुडा सुटला, वर आला, फुटला. पाचएक सेकंदांनी दुसरा. गुरुजी खाली वाकून बघत होते. पाच वर्षांचा गॅस त्या मोहरीएवढ्या बुडबुड्यांतून गेला होता.

कॉइलवर एसी चालताना सतत पाणी साठतं. त्यात कुजलेला पाला आणि धूळ पडली की ॲल्युमिनियम हळूहळू पोखरलं जातं. कॉइल बाहेर न काढता अंदाज घ्यायचा असेल, तर खाली पाणी जायची जी रबरी नळी असते तिच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर धरायचा. गॅस हवेपेक्षा जड असल्यानं ब्लोअर बंद ठेवला की तो खाली उतरून तिथंच येतो. यासाठी आत थोडा तरी गॅस पाहिजे.

कॉइल गळत असेल तर नवीच टाका. उद्यमनगरात ॲल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग उत्तम होतं, तुटलेला पाइप किंवा जोड मी स्वतः तिथूनच करून घेतो आणि तो टिकतो. पण आतून-बाहेरून पोखरलेल्या कॉइलचं एक भोक बुजवलं तर सहा महिन्यांत शेजारी दुसरं पडतं, आणि सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते. डब्यात मिळणारं गळती बुजवायचं औषधही घालू देऊ नका, ते एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात जाऊन बसतं.

सिस्टिम एकदा उघडली की काही गोष्टी बदलायच्याच. उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग, आर १३४ ए ला चालणारी, तेल लावून बसवलेली. ड्रायर, कारण त्यातले पाणी शोषणारे दाणे उघड्या हवेत भरून जातात. कॉइल बाहेर आलीच आहे तर एक्सपान्शन व्हॉल्व्हही, पुन्हा त्याच्यासाठी डॅशबोर्ड उघडायला नको. आणि तेल. या गॅसला पीएजी तेल लागतं आणि ते हवेतलं पाणी फार लवकर ओढतं, म्हणून अर्धी वापरून महिनोन्महिने फडताळात ठेवलेली बाटली चालणार नाही, तुमच्यासमोर नवी फोडायला सांगा. किती घालायचं ते कंपनीच्या मापानं. कमी पडलं तर कॉम्प्रेसर जातो, जास्त झालं तर थंडावा मरतो.

त्यानंतर व्हॅक्यूम, किमान पाऊण तास. हे काम सर्वात जास्त कंटाळ्यानं केलं जातं, आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की इथं घाई केली तर पाणी आतच राहतं. ते व्हॉल्व्हच्या छिद्राशी गोठतं, एसी पंधरा मिनिटं गार आणि मग बंद, असा खेळ सुरू होतो. नव्या मुलांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथं हवेचा दाबच थोडा कमी, म्हणून व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या जवळपास जाऊनच थांबणार. पुस्तकातले तीस इंच दिसत नाहीत म्हणून पंपाला नावं ठेवू नका. पंप बंद केल्यावर काटा वीस मिनिटं जागेवर राहतो का, ते बघा.

गॅस वजनावर भरायचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असतो. नुसता काटा बघून, "अजून थोडा मारतो" करत भरलेला गॅस जास्तच होतो. मग हाय साइड चढते, थंडावा उलट कमी होतो आणि इंजिनावर ताण येतो. काम झाल्यावर ३५ अंशांच्या दुपारी, आतली हवा फिरवायच्या बटणावर, इंजिन दीड हजार आरपीएमला धरून लो साइड ३० ते ४० आणि हाय साइड १७५ ते २५० पीएसआयच्या दरम्यान दिसली पाहिजे. मधल्या जाळीत साधा डिजिटल थर्मामीटर खुपसा. दहा मिनिटांत सात ते दहा अंश आले तर पैसे द्या.

आता कॉम्प्रेसर. तो खरंच गेला असेल तर तो सिद्ध करता येतो. गळती काढून मापात गॅस भरल्यावरही लो साइड ७० आणि हाय साइड ११०-१२० असे काटे एकमेकांकडं ओढले जात असतील आणि रेस दिल्यावरही फरक पडत नसेल, तर कॉम्प्रेसर दाबत नाही. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर तो बहुतेक पुलीचा बेअरिंग, एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर दोष आत. तेल काढून बोटांवर चोळा. चांदीसारखी चमक दिसली तर आतला धातू झिजून सगळीकडं गेलाय. तेव्हा मात्र "पूर्ण सेट" हा शब्द खरा ठरतो. कंडेन्सरही बदलावा लागतो, कारण आताच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून तो चुरा फ्लशिंगनं पूर्ण निघत नाही, आणि निघाला नाही तर नवा कॉम्प्रेसरही जातो. यातलं एकही माप न दाखवता कुणी २८ हजार सांगत असेल, तर त्याला एवढंच विचारा की बंद गाडीत काटा किती होता, आणि नायट्रोजन भरून गळती कुठं सापडली. शाफ्टचं सील गळत असेल तर बऱ्याच कॉम्प्रेसरांना तेवढंच बदलता येतं. क्लचचंही तसंच. सकाळी चालतो, दुपारी गरम झाल्यावर सुटतो, असं होत असेल तर क्लचमधली फट वाढलेली असते. ती साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी. आतला एक पातळ वायसर काढून ती कमी केली की तोच क्लच आणखी काही वर्षं जातो, आणि त्यासाठी गॅसला हातही लावावा लागत नाही.

ज्यांची गाडी जुनी आहे पण गळती नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हायवेला गार आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गरम, असं असेल तर कंडेन्सरचा फॅन बघा, गॅस नव्हे. आणि गॅस बरोबर असून हवा कोमटच येत असेल तर हीटरची झडप. गरम-गार करायच्या नॉबची केबल ढिली पडून ती झडप नीट मिटत नाही. हीटरकडं जाणारा पाण्याचा पाइप थोडा वेळ क्लॅम्पनं दाबून धरा, हवा गार झाली तर दोष तिथंच.

तुमच्या रस्त्याचंही सांगायला पाहिजे. गोकुळ शिरगाववरून कागलपर्यंत फाउंड्रीची बारीक काळी धूळ, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून उडणारं पाचट, हे सगळं कंडेन्सरच्या पत्र्यांत जाऊन बसतं. दर फेब्रुवारीत तो साध्या पाइपच्या पाण्यानं धुवा, शक्य तिथं इंजिनाच्या बाजूनं बाहेर. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्रे लोळतात.

गाडी २०१९ किंवा २०२१ च्या महापुरानंतर सेकंडहँड घेतली असेल, तर ब्लोअरचा डबा उघडला की तळाशी गाळ आहे का बघून घ्या. शाहूपुरी, नागाळा पार्क भागातल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या. त्यांच्यात क्लचचे बेअरिंग आणि वायरीचे जोड लवकर जातात.

ज्यांच्याकडं आणखी जुनी, नव्वदच्या दशकातली गाडी आहे, त्यांनी आधी गॅस कुठला ते बघा. त्या काळात बऱ्याच गाड्यांत आर १२ असायचा. ओझोनच्या थराला तो मारक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर बंधन आलं आणि भारतात, दम्याच्या औषधी पंपांचा अपवाद वगळता, १ ऑगस्ट २००८ पासून त्याचं उत्पादन थांबलं. त्या गाडीत आर १३४ ए भरायचा तर तेल, ओ-रिंग आणि ड्रायर तिन्ही बदलावे लागतात, नुसता गॅस बदलून चालत नाही. आर १३४ ए ओझोनला धोका करत नाही, पण हवा तापवण्यात एक किलो गॅस हा कार्बन डायऑक्साइडच्या १४०० किलोंच्या आसपास पडतो. म्हणून मी तो मशीननं ओढून घेतो, हवेत सोडत नाही. तुमच्याही गॅरेजला तेच सांगा.

तर खर्च करावा का? कॉइल, व्हॉल्व्ह, ड्रायर, ओ-रिंगा, गॅस आणि मजुरी मिळून तुम्हाला सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आत हे बसलं पाहिजे. इंजिन आणि पत्रा चांगला असेल तर करा, गाडी विकू नका. तेल काढल्यावर चांदी निघाली तरच तो प्रश्न पुन्हा विचारा.

दुरुस्तीनंतर एक सवय लावा. आपल्याकडं जूनचा पाऊस सुरू झाला की फेब्रुवारीपर्यंत एसीचं बटण कुणी दाबत नाही. त्या आठ-नऊ महिन्यांत शाफ्टच्या सीलला तेल मिळत नाही, ते कोरडं पडतं आणि मार्चमध्ये गळायला लागतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावा, पावसातही. काचेवरची वाफ जाते ती वेगळीच.

आणि काम होईपर्यंत एसीच्या बटणाला हात लावू नका. घरातलं कुणीतरी चुकून दाबणार असेल तर एसीचा फ्यूज काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. तो एसीचाच स्वतंत्र फ्यूज आहे, रेडिएटर फॅनचा नाही, एवढं झाकणावरच्या तक्त्यात बघून घ्या, नाहीतर गाडी हिट होईल. बाबांना मिरजेला न्यायचं ते शक्यतो सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत न्या.